भिंतीपलीकडचा हुंकार

हेवा करायचाच तर माणसानं जित्याजागत्या माणसाचा करावा. मी केला तो पुस्तकातल्या एका अकरा वर्षांच्या पोरीचा, जी कधी जन्मालाच आली नव्हती. नवरा हसायचा. म्हणायचा, "अगं, कागदावरच्या पोरीवर जळतेस?" जळत होते. आणि लाजबीज मला तेव्हाही वाटली नाही, आताही वाटत नाही. त्या भवानीनं माझी मुलगी पळवली होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही इंग्लंडमधल्या लीड्स शहराच्या उत्तर भागात राहत होतो. नवरा हॉस्पिटलमध्ये भूल देणारा रजिस्ट्रार, म्हणजे अर्धा जन्म ऑन-कॉल. मुलगी नऊ वर्षांची, लीड्समध्येच जन्मलेली. घर सेमी-डिटॅच्ड. एका भिंतीला दोन संसार, आणि ती भिंत अशी की आमच्या किचनमध्ये कुणी शिंकलं तर पलीकडून 'ब्लेस यू' यावं. पलीकडे एक म्हातारी ज्यू बाई एकटी राहायची. शाळेत शिकवून रिटायर झालेली, नवरा वारलेला, मुलगा लंडनला. आम्ही राहायला आलो तेव्हा मीच मुलीला सांगितलं, शेजारच्या बाईंना नुसतं नावानं हाक मारायची नाही, आजी म्हणायचं. तिकडे सांगलीला माझी सख्खी आई बसली होती, जिला ही पोर फोनवर 'हॅलो, आय अॅम फाइन' एवढंच म्हणायची, आणि इकडे 'आजी, आजी' करत कुंपणाच्या हेजच्या फटीतून शेजारी पसार. मीच शिकवलं होतं. आता बोंबला.

म्हातारीशी माझं बिनसलं ते पहिल्याच दिवाळीला. मी शंकरपाळे केले आणि स्टीलच्या डब्यात घालून मुलीबरोबर पाठवले. दोन दिवसांनी डबा परत आला. स्वच्छ घासलेला, कोरडा केलेला, आणि रिकामा. आमच्याकडे शेजारचं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात, तीही नसली तर चार तांदळाचे दाणे. रिकामं भांडं परत करणं म्हणजे तुमचं आमचं संपलं. मी डबा ओट्यावर आपटला. "एवढी शिकलेली बाई आणि ही रीत?"

मुलगी वकील. लगेच शेजारी जाऊन सगळं सांगून आली. संध्याकाळी म्हातारी दारात हजर. म्हणाली, "माफ कर, लव्ह, माझ्या किचनला नियम आहेत. बाहेरच्या भांड्यातलं मी खात नाही, आणि माझ्या किचनमधलं बाहेरच्या भांड्यात घालत नाही. पण शंकरपाळे वाया गेले नाहीत. पोस्टमनला फार आवडले."

पोस्टमनला! तुपातले शंकरपाळे!

मला तिचं म्हणणं कळलं नाही असं नाही. माझी एक मावशी सोवळ्यात असताना सख्ख्या बहिणीच्या हातचं पाणी पीत नसे, मला कोण काय सोवळं शिकवणार? पण कळणं वेगळं आणि पोटात उतरणं वेगळं. त्यानंतर मात्र डबा कधी रिकामा आला नाही. त्यात एक बटण असायचं. तिच्या घरचे सगळे शिंपी होते, बटणांच्या बरण्याच्या बरण्या होत्या तिच्याकडे. कधी शिंपल्याचं, कधी पितळी, कधी हिरव्या काचेचं. माझ्या पदार्थांचं कौतुक पोस्टमन करी आणि बटणांचं कौतुक माझी मुलगी. उशीखाली ठेवून झोपायची.

मग मला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पार्ट-टाइम नोकरी लागली. शाळा सुटल्यावर मुलीचं काय, हा प्रश्न. म्हातारी म्हणाली, "माझ्याकडे राहू दे, मलाही सोबत." आम्ही दोघांनी हात जोडले. सोय झाली म्हणून मी खूश. अडला हरी, दुसरं काय!

तर या बाई तेव्हा पुस्तक लिहीत होत्या. मुलांसाठी. एक ज्यू पोरगी लिथुएनियातल्या खेड्यातून आईबरोबर निघते, गवताच्या गाडीत लपून सरहद्द ओलांडते, जहाजात बसते, हल बंदरात उतरते आणि तिथून रेल्वेनं लीड्सला येते, कारण तिचा बाप आधीच येऊन इथं कोट शिवत असतो. रोज जेवढी पानं टाइप होतील तेवढी म्हातारी माझ्या मुलीला वाचून दाखवायची. आणि घरी येऊन आमच्या मुलीचं सुरू.

"आई, ती जहाज इतकी मोठी होता, आणि खाली गाईपण होते, आणि सगळ्यांना उलटी!"

"हात धू आधी."

"आई, तिनी पाच दिवस हात नाही धुतली."

डायनिंग टेबलाखाली माझ्या चांगल्या शाली अंथरून जहाज तयार झालं. बाहुल्यांना ओळीत उभं करून डॉक्टरी तपासणी. पोळी नको, काळा ब्रेड पाहिजे. एकदा तर हेरिंग मासा मागितला. मंगळवारी! एका शुक्रवारी विचारते, "आई, आजी फ्रायडेला दिवे लावते. आपण का नाही लावत?"

"अगं भवाने, आपण रोज लावतो! रोज संध्याकाळी तुझ्या नाकासमोर लावते!"

"हो, पण ते असंच."

असंच! दुसऱ्याचा तो इतिहास आणि आपलं ते असंच.

सगळ्यात माझ्या डोक्यात गेला तो खलबत्ता. त्या पोरीच्या आईनं म्हणे घर सोडताना काय घेतलं, तर पितळी खलबत्ता. बाकी सगळं राहिलं, पण खलबत्ता पोरीच्या कडेवर. सरहद्दीवर शिपाई आला तेव्हा तो वाजू नये म्हणून तिनं बत्ता आपल्या झग्यात धरून ठेवला, वगैरे. मुलगी डोळ्यांत पाणी आणून सांगायची. आणि माझ्या ओट्यावर काय होतं? पितळी खलबत्ता! माझ्या आईनं दिलेला, सांगलीहून मी स्वतः सुटकेसमधून आणलेला. त्याबद्दल ही बया काय म्हणायची? "आई, प्लीज, टीव्ही ऐकू येत नाही!"

आता हुंकाराचं सांगते, कारण खरं दुखणं तेच.

माझे वडील गोष्टी सांगायचे. जेवणं झाली की माजघरात आम्ही भावंडं त्यांच्याभोवती. त्यांचा एकच नियम, हुंकार द्यायचा. ते एक वाक्य सांगणार, आम्ही म्हणणार, 'हं'. हुंकार थांबला की गोष्ट थांबली, मग राजपुत्र विहिरीत लटकत का असेना. दुसऱ्या दिवशी कितीही हातापाया पडा, वडील म्हणायचे, "काल तुम्हीच त्याला विहिरीत सोडलंत." लग्नाआधी मीही गोष्टी लिहायची, मुलांच्या मासिकांत छापून यायच्या. मुलगी झाली तेव्हा पहिलं काय शिकवलं असेल तर हुंकार द्यायला. आई-बाबा म्हणायच्या आधी ती 'हं' म्हणायला लागली. शाळेत जाईपर्यंत रोज एक गोष्ट आणि रोज हुंकार. मग शाळा सुरू झाली, इंग्रजी सुरू झालं, आणि हळूहळू 'हं'च्या जागी 'आय नो, मम' आलं. 'आय नो' ला काय पुढे सांगणार? मी सोडून दिलं. म्हटलं, मोठी झाली, या देशातली मुलं असंच करतात.

एका दुपारी लॅबमध्ये वीज गेली आणि आम्हाला लवकर सोडलं. घरी आले, चहा टाकला. भिंतीपलीकडून म्हातारीचा आवाज येत होता, संथ, वाचणारा. एक वाक्य झालं, थांबली. आणि माझ्या मुलीचा आवाज आला, "हं."

पुन्हा एक वाक्य. पुन्हा, "हं."

माझ्या वडिलांचा हुंकार! माझ्या माजघरातला! तो तिकडे इंग्रजी गोष्टीला चालला होता, लिथुएनियातल्या त्या भवानीला, आणि मी इकडे भिंतीला कान लावून उभी. चहा उतू गेला. मला इतकं रडू आलं आणि इतका राग आला की काय करावं कळेना. खलबत्ता ओढला, भाजलेले दाणे घातले आणि भिंतीला लागूनच कुटायला बसले. नवरा घरी आला तेव्हा पातेलंभर कूट झालं होतं. "उपास आहे का कुणाचा?" त्यानं विचारलं. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं टाय न सोडताच टीव्ही लावला.

पुस्तक छापून आलं. कव्हरवर ती पोरगी, डोक्याला रुमाल, कडेवर खलबत्ता. मुलीच्या शाळेत बुक वीक होता. म्हातारी हॉलमध्ये येऊन वाचणार, आणि वर्गातल्या प्रत्येकानं आपलं घराणं लीड्सला कसं आलं ते सांगायचं, असं ठरलं. माझी कळी खुलली. म्हटलं, आता आपली पाळी. मुलीला समोर बसवलं. "ऐक. मी एकटी आले विमानानं. बाबा पुढे आले होते. माझ्याबरोबर एक सुटकेस, लोणच्याची बरणी..."

"आई, तू विमाननी आलीस. ती जर्नी नाहीये."

"का नाही? मुंबईपर्यंत एसटी, मग विमान, मध्ये एका ठिकाणी सगळ्यांना उतरवलं..."

"समबडी वॉज चेसिंग यू?"

"कोण मागे लागणार माझ्या?"

"ओह," ती म्हणाली. बिचारीनं निराशा लपवायचा प्रयत्न केला, तो जास्त लागला. "इट्स ओके, मम. सगळ्यांची इंटरेस्टिंग नसतो."

मी तरीही पुढे रेटलं. लोणच्याची बरणी फुटून तेल कसं सुटकेसमध्ये पसरलं, कस्टमच्या साहेबानं सुटकेस कशी उघडायला लावली, साड्यांच्या घड्यांतून खलबत्ता कसा बाहेर काढला. इथवर आले आणि थांबले. समोरून हुंकार नव्हता. ती बोटानं टेबलावर जहाज काढत होती. गोष्टीचा खरा भाग, तिचा स्वतःचा भाग, पुढेच होता. पण वडिलांचा नियम हाडात मुरलेला. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे नेणं म्हणजे भीक मागणं, आणि ती मी मागणार नव्हते. यापूर्वीही एक-दोनदा मी ही गोष्ट काढली होती आणि प्रत्येक वेळी कस्टमच्या टेबलापाशीच अडकली होती.

"आई," ती म्हणाली, "तुझं खलबत्ता देशील? मी तिचा पार्ट करणार. आजी वाचणार आणि मी अशी उभी, विथ द मॉर्टर."

"आजीकडे नाहीये का तिचा?"

"नो, तो पुस्तकातच आहे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "नाही देणार. माझा खलबत्ता माझ्या गोष्टीत वाजेल, नाहीतर कुठेच वाजणार नाही. जा, सांग तुझ्या आजीला!"

ती रडत गेली आणि खरंच सांगितलं. थोड्या वेळानं मागच्या दारावर टकटक. म्हातारी. इतक्या वर्षांत ती माझ्या किचनमध्ये पहिल्यांदा आली. मुलीला तिनं तिच्या घरीच बसवून ठेवलं होतं. सरळ ओट्यापाशी गेली, बत्ता उचलला आणि खलाच्या काठावर हलकेच वाजवला. मग खुर्चीत बसली.

"हाच," ती म्हणाली. "रोज संध्याकाळी ऐकते मी. माझ्या आईकडे होता एक. मी विसरले होते. तुम्ही शेजारी राहायला आलात, हा वाजायला लागला, आणि एक दिवस मला तिचे हात दिसले. चेहरा नाही, हात. त्यावरून मी पुस्तक सुरू केलं."

म्हणजे माझाच खलबत्ता भिंतीतून उचलून तिनं त्या भवानीच्या कडेवर दिला होता! मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. शिक्षिका होती, तिच्या हाताला वजन होतं.

"बाकी सगळं मी लायब्ररीत बसून जमवलं," ती म्हणाली. "गाडी, जहाज, शिपाई, सगळं. माझी आई खरंच आली तशी, पण कशी आली ते मला माहीत नाही. तिला इंग्रजी येत नव्हतं, ती आमच्या यिडिशमध्ये सांगायला लागायची. मी शाळेत जायचे. मला रस्त्यात तिची लाज वाटायची. मी म्हणायचे, इंग्रजीत बोल. तिला येत नव्हतं. मग ती गप्प बसायला लागली. ती गेली तेव्हा तिची भाषाही मला धड येत नव्हती. तुझी मुलगी मला 'हं' म्हणते ना? मी विचारलं तिला, हे काय. ती म्हणाली, याचा अर्थ मी आहे इथे, पुढे सांग. मी कधी म्हटलं नाही हे माझ्या आईला. एकदाही नाही."

किटली उकळून बंद झाली. चहा तिला देता येत नव्हता, माझा कप तिला चालला नसता.

"संध्याकाळी तुम्ही दोघी भांडता," ती म्हणाली. "तू तुझ्या भाषेत ओरडतेस, ती इंग्रजीत. पण ती उत्तर देते, म्हणजे तिला कळतं. मला इतका हेवा वाटतो तुझा, लव्ह, की कधीकधी मी रेडिओ मोठा करते."

माझा हेवा! मी खलबत्ता चिंचेनं घासला, पुसला आणि तिच्या हातात दिला. "आपटू नका," एवढंच म्हणाले.

पण म्हणून माझं पोट दुखायचं थांबलं असं समजू नका. बुक वीकला मी हॉलच्या मागच्या बाजूला मुलांच्या बुटक्या खुर्चीत बसले. म्हातारी वाचत होती, आणि पुढे माझी मुलगी, डोक्याला माझा रुमाल, अंगावर माझी शाल, कडेवर माझ्या आईचा खलबत्ता. काय दिसत होती! तिचे शिक्षक म्हणाले, "किती सुंदर आहे हे. कुठून आलं?"

मी खुर्चीत पुढे सरकले.

"तिचा आहे," माझी मुलगी म्हणाली आणि पुस्तकाच्या कव्हरकडे बोट दाखवलं.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, काय करणार! घरी आल्यावर दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

वर्षं गेली. ऐंशीचं नव्वद झालं. मुलगी मोठी होऊन ग्लासगोला शिकायला गेली. आणि विषय काय घेतला? इतिहास! डॉक्टरच्या घरात! नवरा म्हणाला, "भोगा आपल्या भवानीची फळं." ती म्हणे लोकांच्या स्थलांतरांवर काम करणार होती. आयरिश लोकांच्या, ज्यू लोकांच्या. मी विचारलं, "मराठी लोकांच्या?" ती म्हणाली, "आई, तुम्ही अजून अर्काइव्हमध्ये नाही." बरं बाई. मेल्यावर बघू.

म्हातारीचे गुडघे गेले, मग तोल गेला. तिच्या मुलानं तिला लीड्समधल्याच एका ज्यू केअर होममध्ये ठेवलं. शेजारच्या घरात एक तरुण जोडपं आलं. त्यांच्याकडून भिंतीतून नुसता गाण्यांच्या बेसचा आवाज यायचा. मी खलबत्ता वाजवायचे, पण तिकडे कुणी ऐकत नाही हे माहीत असल्यावर वाजवण्यात काही राम राहिला नव्हता. ग्राइंडर घेतला.

एका ईस्टरच्या सुट्टीत मुलगी घरी आली. बॅग खाली ठेवायच्या आधी, "आजीकडे जाऊ या?" बघा, आईच्या हातचा चहा नंतर. मी म्हटलं, मीही येते. शंकरपाळ्यांचा डबा घेतला. मीच ती, सवय जात नाही.

म्हातारी खिडकीपाशी खुर्चीत बसली होती, इतकीशी झालेली. मुलीला पाहून तिचा चेहरा असा उजळला की मी पुन्हा पूर्वीसारखीच जळले. दोघी हातात हात घालून बसल्या, माझ्या मुलीचा हात, बरं का. मग तिला डबा दिसला. म्हणाली, "अगं, इथे पोस्टमन आत येत नाही. आता मी कुणाला देऊ?" आम्ही तिघी खूप हसलो.

मुलगी कुठलंसं जाडजूड पुस्तक घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. पाठ आमच्याकडे, पाय खिडकीच्या कट्ट्यावर. म्हातारीनं माझ्याकडे वळून विचारलं, "ती गोष्ट कधी पूर्ण झाली का?"

"कुठली?"

"तू हिला सांगायचीस ती. मला शब्द कळायचे नाहीत, पण सूर कळायचा. प्रत्येक वेळी एकाच जागी थांबायचीस. पुढे काय झालं, मला कधी कळलं नाही. सांग ना."

मी इंग्रजीत सुरुवात केली, "वेल, आय केम बाय प्लेन..."

"नाही," ती म्हणाली. "तुझ्या भाषेत. भिंतीपलीकडून ऐकली तशी."

वेड्यासारखंच वाटलं. पण डोळे मिटून ती वाट पाहत होती. मी सांगायला लागले. सांगलीहून एसटीनं निघाले.

"हं," म्हातारी म्हणाली.

मी थबकलेच. जिच्यावर इतकी वर्षं धुसफुसले, तीच मला हुंकार देत होती, एक शब्द कळत नसताना. मी पुढे सांगितलं. वडील स्टँडवर शेवटपर्यंत उभे होते. हं. विमानात मला शेंगदाणे दिले ते मी रुमालात बांधून ठेवले. हं. मधल्या विमानतळावर सगळ्यांना उतरवलं, मी एका बाकावर सुटकेसला हात धरून बसून राहिले, झोप येईल म्हणून पाढे म्हणत. हं. हिथ्रोला नवरा येणार होता, पण तो ऑन-कॉल. हं. लोणच्याची बरणी फुटली, तेल सगळीकडे. कस्टमच्या साहेबानं सुटकेस उघडली, नाक मुरडलं, एकेक साडी बाजूला केली आणि खलबत्ता बाहेर काढून टेबलावर ठेवला.

हुंकार आला नाही.

मी पाहिलं. म्हातारीची मान छातीवर कलली होती, श्वास संथ चालला होता. झोप लागली होती तिला. आली का गोष्ट पुन्हा त्याच टेबलापाशी! हसू आलं आणि डोळेही भरले. पण नियम तो नियम. मी गप्प झाले, तिच्या मांडीवरची शाल सारखी केली आणि डबा उचलायला वाकले.

"हं," कोपऱ्यातून आवाज आला.

मुलगी तशीच बसली होती, पाठ माझ्याकडे, पुस्तक मांडीवर पालथं घातलेलं. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"साहेबानं तो उलटा केला, सुलटा केला," मी म्हटलं.

"हं."

"बत्ता खलावर आपटून पाहिला. वाजला. आजूबाजूचे लोक बघायला लागले."

"हं."

"साहेब म्हणाला, एवढं जड ओझं विमानातून कशाला आणलंत? काय आहे हे? माझ्या आईनं तो दिला होता बाळंतिणीच्या खुराकासाठी, सुंठ कुटायला, डिंक कुटायला. ती म्हणाली होती, परदेशात तुला कोण करून घालणार, हा बरोबर असू दे. पण सुंठ, बाळंतीण, डिंक, मला यातलं एक अक्षर इंग्रजीत सांगता येईना."

ती आता वळली होती. पाय खाली घेतले होते.

"मग?" ती म्हणाली. "मग काय केलंस, आई?"

"काय करणार?" मी म्हटलं. "साहेबाचं लक्ष माझ्याकडे येईपर्यंत थांबले. आणि पोटावर हात ठेवला."